घटक ५ : यादवीनंतरची शांतता – लायबेरियातील शांतिसेनेचा अनुभव

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला :

• यादवी, शस्त्रसंधी, तह, शांतिसेना या संज्ञांमधील अर्थभेद स्पष्ट करता येतील.
• संयुक्त राष्ट्रांच्या शांतिरक्षणामागील तत्त्वे सांगता येतील.
• लायबेरियातील पहिली शांतता का मोडली आणि दुसरी का टिकली, याचे विवेचन करता येईल.
• शांतिसेनेच्या कार्याच्या मर्यादांविषयी स्वतःचे मत साधार मांडता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण माहितीपर लेखनाची लक्षणे पाहिली. या घटकात एक प्रत्यक्ष विषय घेऊन त्याचे विवेचन करावयाचे आहे. एखाद्या देशात यादवी माजते, लाखो माणसे देशोधडीला लागतात, पुढे केव्हातरी करार होतो आणि 'संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना दाखल' अशी चार ओळींची बातमी आपल्या वृत्तपत्राच्या आतल्या पानावर येते. त्यानंतर त्या देशाचे काय झाले, हे आपल्याला बहुधा कळत नाही. बातमी जेथे संपते तेथून खरे काम सुरू होते. कालपर्यंत एकमेकांच्या जिवावर उठलेली माणसे उद्यापासून एकाच बाजारात, एकाच शाळेत, एकाच पोलीस ठाण्याच्या हद्दीत कशी राहणार, हा तो प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी आपण पश्चिम आफ्रिकेतील लायबेरिया हा देश निवडला आहे. त्याची कारणे तीन. एक, तेथील शांतिसेनेचे कार्य २००३ मध्ये सुरू होऊन २०१८ मध्ये संपले. त्यामुळे ते आरंभापासून शेवटापर्यंत पाहता येते. दोन, त्याच देशात आधी शांततेचा एक प्रयत्न फसलेला होता. त्यामुळे तुलना करता येते. तीन, या कार्यात भारतीय महिला पोलिसांचा मोलाचा वाटा होता.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ संज्ञांचा विचार

भाषेच्या अभ्यासकाने विषयात शिरताना प्रथम शब्द तपासून घ्यावेत. देशांतर्गत युद्धाला मराठीत 'यादवी' म्हणतात. हा शब्द महाभारताच्या मौसलपर्वातून आला आहे. प्रभासक्षेत्री यादव आपसांत लढले आणि कुळाचा संहार झाला. काही भाषांतरांत 'नागरी युद्ध' असा शब्द आढळतो. परंतु मराठीत 'नागरी' म्हटले की नागरी वस्ती, नागरी सहकारी बँक असे अर्थ आधी मनात येतात. 'यादवी' या शब्दात मात्र 'आपलीच माणसे आपल्यावर उठली' ही वेदना आहे. एक फरक तेवढा लक्षात ठेवावा. मौसलपर्वातील यादवीत कुळच संपले. प्रत्यक्षातील यादवीत बहुसंख्य माणसे मागे उरतात आणि त्यांना एकमेकांच्या शेजारीच राहावे लागते.

'शस्त्रसंधी' आणि 'तह' हे शब्दही आपण अनेकदा एकाच अर्थाने वापरतो. शस्त्रसंधीत लढाई थांबते. भांडणाचे मूळ तसेच राहते. तहात भांडणाचा निकाल लावून पुढील व्यवहार ठरविला जातो. कोरियात २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाला. पण दोन्ही बाजूंमध्ये शांततेचा तह अद्याप झालेला नाही. या शस्त्रसंधीनंतर मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी भारताने एक सैन्यदल पाठविले होते. त्याचे नेतृत्व कोल्हापूरशी नाते असलेले मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्याकडे होते, हे मराठी वाचकाने स्मरणात ठेवावे.

तिसरा शब्द 'शांतिसेना'. मराठी माणसाच्या मनात या शब्दाशी तीन निरनिराळ्या गोष्टी जोडलेल्या आहेत. विनोबा भावे यांनी १९५७ मध्ये उभारलेली शांतिसेना निःशस्त्र स्वयंसेवकांची होती. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेली भारतीय शांतिसेना हे आपले लष्कर होते. ते भारत आणि श्रीलंका यांच्यातील करारानुसार गेले होते, संयुक्त राष्ट्रांच्या वतीने नव्हे. निळ्या टोप्यांची, अनेक देशांच्या सैनिकांची बनलेली संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना ही तिसरी. या घटकात 'शांतिसेना' हा शब्द केवळ या तिसऱ्या अर्थाने वापरला आहे.

शेवटचा शब्द 'मॅन्डेट'. निवडणुकीच्या संदर्भात त्याला 'जनादेश' म्हणतात. शांतिसेनेला मात्र जनतेने मते देऊन पाठविलेले नसते. सुरक्षा परिषद ठराव करून तिला काय करावयाचे व किती बळ वापरावयाचे हे नेमून देते. म्हणून येथे आपण 'अधिकारादेश' हा शब्द वापरू.

५.२.२ शांतिरक्षणाची तत्त्वे

संयुक्त राष्ट्रांची सनद १९४५ साली तयार झाली. तिच्या सहाव्या अध्यायात वाद सामोपचाराने मिटविण्याचे मार्ग सांगितले आहेत, तर सातव्या अध्यायात शांतताभंग करणाऱ्याविरुद्ध बळाचा वापर करण्याची तरतूद आहे. शांतिसेनेचा उल्लेख मात्र सनदेत कोठेही नाही. ही कल्पना अनुभवातून घडत गेली. १९४८ मध्ये पश्चिम आशियात निःशस्त्र निरीक्षक पाठविण्यात आले. १९५६ मध्ये सुएझ कालव्याच्या संघर्षानंतर पहिले सशस्त्र दल गेले. तत्कालीन सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांनी या कार्याचे वर्णन 'साडेसहावा अध्याय' असे केल्याचे सांगतात. समजूत आणि सक्ती यांच्या मधली ही जागा आहे.

या कार्याची तीन तत्त्वे मानली जातात. पहिले, संघर्षातील प्रमुख पक्षांची संमती. दुसरे, निःपक्षपातीपणा. तिसरे, स्वसंरक्षण आणि अधिकारादेशाचे संरक्षण याखेरीज बळाचा वापर न करणे. ही तत्त्वे वाचावयास सोपी, आचरणास अवघड आहेत. १९९४ मध्ये रवांडात आणि १९९५ मध्ये बोस्नियातील स्रेब्रेनित्सा येथे शांतिसैनिक उपस्थित असताना भीषण नरसंहार झाला. त्यानंतर लखदर ब्राहिमी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००० साली अहवाल दिला. निःपक्षपाती असणे म्हणजे आक्रमक आणि त्याचे बळी यांना एकाच तागडीत तोलणे नव्हे, असा त्याचा आशय होता. पंच दोन्ही संघांना सारखाच वागवितो. पण नियम मोडणाऱ्यापुढे शिट्टीही तोच वाजवितो, हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवले तर हा भेद समजेल.

आणखी एक बाब ध्यानात ठेवावी. संयुक्त राष्ट्रांचे स्वतःचे सैन्य नाही. सदस्य देश आपले सैनिक व पोलीस उसने देतात. भारत हा सर्वाधिक मनुष्यबळ देणाऱ्या देशांपैकी एक आहे. आजवर दोन लाखांहून अधिक भारतीयांनी अशा मोहिमांत काम केले असून सुमारे १८० जणांनी त्यांत प्राण गमावले आहेत.

*स्वयं-अध्ययन प्रश्न १*
(अ) शस्त्रसंधी आणि तह यांतील फरक एका वाक्यात सांगा.
(आ) शांतिरक्षणाची तीन तत्त्वे कोणती?

५.२.३ लायबेरिया : यादवीची पार्श्वभूमी

लायबेरिया हे नाव 'स्वातंत्र्य' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे. अमेरिकेतील गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आणि स्वतंत्र जन्मलेल्या कृष्णवर्णीयांची वसाहत एकोणिसाव्या शतकात येथील किनाऱ्यावर वसविण्यात आली. राजधानी मन्रोव्हिया हिचे नाव अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स मन्रो यांच्यावरून पडले. २६ जुलै १८४७ रोजी देश स्वतंत्र झाला. परंतु या स्वातंत्र्याला एक चीर होती. बाहेरून आलेल्यांचे वंशज संख्येने अगदी थोडे. तरी सत्ता, जमीन आणि शिक्षण शंभराहून अधिक वर्षे त्यांच्याच हाती राहिले. देशातील मूळच्या सोळा जमाती आपल्याच भूमीत दुय्यम ठरल्या. स्वतः गुलामगिरी भोगलेल्यांच्या पिढ्यांनी दुसऱ्यांवर वर्चस्व गाजवावे, हा इतिहासाचा विपर्यास होता.

१२ एप्रिल १९८० रोजी सॅम्युअल डो या सार्जंटने उठाव केला. अध्यक्ष विल्यम टोलबर्ट मारले गेले. काही दिवसांनी त्यांच्या सरकारातील तेरा जणांना समुद्रकिनाऱ्यावर जाहीरपणे गोळ्या घालण्यात आल्या. मूळ जमातींपैकी एक माणूस प्रथमच सत्तेवर आला, म्हणून सुरुवातीला लोकांनी आनंद केला. परंतु डो यांनी आपल्या क्राह्न जमातीला झुकते माप दिले आणि निम्बा प्रांतातील गिओ व मानो जमातींवर अत्याचार केले. तेथील संतापाचा आधार घेऊन २४ डिसेंबर १९८९ रोजी चार्ल्स टेलर याच्या बंडखोरांनी निम्बात प्रवेश केला आणि यादवी पेटली. सप्टेंबर १९९० मध्ये टेलरपासून फुटलेल्या प्रिन्स जॉन्सन याच्या गटाने डो यांना पकडून हालहाल करून मारले.

पहिली यादवी १९८९ ते १९९७ आणि दुसरी १९९९ ते २००३ अशी चालली. दोन्ही मिळून सुमारे अडीच लाख माणसे मृत्युमुखी पडली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. देशाची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. हजारो मुलांच्या हाती बंदुका देण्यात आल्या. हिरे आणि इमारती लाकूड विकून शस्त्रे विकत घेतली गेली.

५.२.४ पहिली शांतता का मोडली?

पहिल्या यादवीत पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेने ऑगस्ट १९९० मध्ये नायजेरियाच्या पुढाकाराने आपले सैन्य पाठविले. संयुक्त राष्ट्रांनी १९९३ मध्ये त्याच्या जोडीला निरीक्षकांचे पथक दिले. मंजूर लष्करी निरीक्षकांची संख्या होती ३०३. ते निःशस्त्र होते. त्यांचे काम पाहणे आणि कळविणे एवढेच.

करारामागून करार झाले. अखेर जुलै १९९७ मध्ये निवडणूक होऊन टेलर सुमारे तीन चतुर्थांश मतांनी अध्यक्ष झाला. एवढ्या लोकांनी त्याला मते का दिली? टेलर हरला तर तो पुन्हा बंदूक उचलेल, ही भीती त्यामागील एक मोठे कारण मानली जाते. मतदान शांततेत झाले, परंतु ती शांतता धाकाची होती. निरीक्षक सप्टेंबर १९९७ मध्ये परतले. सैन्याची निःपक्षपाती पुनर्रचना झालीच नाही. टेलरने आपल्याच माणसांना सुरक्षादलांत बसविले. दोन वर्षांत युद्ध पुन्हा सुरू झाले.

येथे थांबून विचार करा. निवडणूक हा शांततेचा शेवटचा टप्पा आहे की पहिला? शस्त्रे ज्याच्या हाती आहेत तोच उमेदवार असेल तर मतपेटीला काय अर्थ उरतो? लायबेरियाने या प्रश्नाचे उत्तर फार मोठी किंमत देऊन मिळविले.

५.२.५ २००३ : करार आणि अधिकारादेश

२००३ च्या उन्हाळ्यात दोन बंडखोर संघटनांनी टेलर सरकारला कोंडीत पकडले. मन्रोव्हियावर तोफगोळे पडू लागले. त्याच सुमारास लेमा ग्बोवी यांच्या पुढाकाराने ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रिया पांढरी वस्त्रे नेसून रस्त्याच्या कडेला बसू लागल्या. त्यांची मागणी एकच होती, शांतता. घानाची राजधानी आक्रा येथे वाटाघाटी रेंगाळल्या, तेव्हा या स्त्रियांनी सभागृहाची दारे अडवून प्रतिनिधींना बाहेर पडू दिले नाही. ११ ऑगस्ट २००३ रोजी टेलरने पद सोडून नायजेरियात आश्रय घेतला आणि १८ ऑगस्टला सर्वंकष शांतता करार झाला. ग्बोवी यांना पुढे २०११ चे नोबेल शांतता पारितोषिक विभागून मिळाले.

१९ सप्टेंबर २००३ रोजी सुरक्षा परिषदेने १५०९ क्रमांकाचा ठराव केला. सनदेच्या सातव्या अध्यायाखाली १५,००० पर्यंत सैनिक आणि १,११५ पर्यंत पोलीस मंजूर झाले. १९९३ चे ३०३ निरीक्षक आणि २००३ चे १५,००० सैनिक, या दोन आकड्यांतच दोन प्रयत्नांमधील फरक दिसतो. साधारणपणे दोनशे नागरिकांमागे एक सैनिक असे हे प्रमाण होते. पश्चिम आफ्रिकेचे सुमारे साडेतीन हजार सैनिक आधीच तेथे पोहोचले होते. १ ऑक्टोबर रोजी त्यांनीच निळ्या टोप्या घातल्या आणि शांतिसेनेचे कार्य सुरू झाले. केनियाचे लेफ्टनंट जनरल डॅनियल ओपांडे हे तिचे पहिले सेनापती होते.

अधिकारादेशातील कामेही व्यापक होती. शस्त्रसंधीवर देखरेख करणे, धोक्यात असलेल्या नागरिकांचे आपल्या शक्तीनुसार रक्षण करणे, लढवय्यांचे निःशस्त्रीकरण करणे, पोलीसदल नव्याने घडविणे, निवडणुकांना साहाय्य करणे ही त्यांतील प्रमुख कामे होत.

५.२.६ शस्त्रे खाली ठेवण्याचा प्रश्न

निःशस्त्रीकरणाचा आरंभ ७ डिसेंबर २००३ रोजी मन्रोव्हियाजवळील एका छावणीत झाला आणि तो पहिल्याच दिवशी विस्कटला. अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक लढवय्ये आले. त्यांना सामावून घेण्याइतके सैनिकही तोवर देशात पोहोचले नव्हते.

परंतु गोंधळाचे आणखी एक कारण होते आणि भाषेच्या विद्यार्थ्याने ते विशेष लक्षपूर्वक पाहावे. योजना अशी होती की, लढवय्याने शस्त्र जमा करावे, काही काळ छावणीत राहावे आणि त्यानंतर त्याला ३०० डॉलर दोन हप्त्यांत मिळावेत. लढवय्यांच्या मनात मात्र 'बंदूक द्या, पैसे घ्या' एवढाच अर्थ पोहोचला होता. बंदूक दिली आणि पैसे मिळाले नाहीत, तेव्हा आपली फसवणूक झाली असे त्यांना वाटले. राजधानीत दंगल व गोळीबार होऊन माणसे मेली. योजना थांबवावी लागली. कागदावरचे वाक्य आणि ऐकणाऱ्याच्या मनातील वाक्य यांत अंतर पडले की काय घडते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

एप्रिल २००४ मध्ये पुरेशा सैनिकांसह आणि पुरेशा प्रचारासह काम पुन्हा सुरू झाले. वर्षअखेरीपर्यंत एक लाखाहून अधिक व्यक्तींची नोंद झाली. आरंभीचा अंदाज ३८ हजारांच्या आसपास होता. जमा झालेली शस्त्रे मात्र सुमारे २८ हजारच होती. म्हणजे साडेतीन माणसांमागे जेमतेम एक बंदूक. काडतुसांची ठरावीक संख्या जमा करूनही नाव नोंदविता येत असे. त्यामुळे खरे लढवय्ये कोण आणि लाभासाठी आलेले कोण, हे सांगणे कठीण झाले. दुसरी बाजूही पाहावी. बंडखोरांच्या तळांवर स्वयंपाक करणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, जबरदस्तीने 'बायको' केलेल्या मुलींजवळ बंदूक नव्हती. पण युद्धाने त्यांचेही आयुष्य गिळले होते. नियम सैल केले तर लबाडी शिरते, कडक केले तर खरे पीडित बाहेर राहतात. आपल्याकडे दुष्काळी मदतीच्या वाटपात उद्भवणारा प्रश्न याच जातीचा असतो.

शस्त्र घेणे हा पहिला टप्पा झाला. त्यानंतर माणसाला पलटणीपासून वेगळे करणे, म्हणजे सैन्यमुक्ती, आणि शेवटी त्याला गावात, शाळेत, रोजगारात परत सामावून घेणे, म्हणजे पुनःसमावेशन. बंदूक एका दिवसात घेता येते. वयाच्या दहाव्या वर्षापासून बंदुकीच्या जोरावर जेवलेल्या मुलाला सुतारकामाच्या वर्गात बसविणे आणि त्याच्या गावाने त्याला ओसरीवर येऊ देणे, यांस वर्षे लागतात. या शेवटच्या टप्प्यासाठी पैसा आणि चिकाटी दोन्ही कमी पडली.

*स्वयं-अध्ययन प्रश्न २*
(अ) १९९७ ची निवडणूक होऊनही शांतता का टिकली नाही?
(आ) निःशस्त्रीकरणाचे पुढील दोन टप्पे कोणते?

५.२.७ पोलीस, भाषा आणि विश्वास

लायबेरियाची राजभाषा इंग्रजी आहे. रस्त्यावर मात्र लायबेरियन इंग्रजी चालते. तिचे उच्चार आणि वाक्यरचना इतक्या वेगळ्या आहेत की पुस्तकी इंग्रजी जाणणारा परदेशी माणूस गोंधळून जातो. खेड्यांत क्पेले, बासा, गिओ, मानो अशा भाषा बोलतात. शांतिसैनिक बांगलादेश, पाकिस्तान, नायजेरिया, घाना, इथिओपिया अशा अनेक देशांतून आलेले. अशा ठिकाणी शांतिसेनेने चालविलेले रेडिओ केंद्र हे मोठे साधन ठरले. लोकांच्या बोलीत बातम्या आणि माहिती मिळू लागली, तसतशी अफवांची जागा कमी झाली.

जानेवारी २००७ मध्ये भारताच्या केंद्रीय राखीव पोलीस दलाची महिलांची तुकडी मन्रोव्हियात दाखल झाली. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातील ही अशा प्रकारची पहिली महिला पोलीस तुकडी. सव्वाशेच्या आसपास संख्या असलेल्या या तुकडीचे पहिले नेतृत्व सीमा धुंडिया यांच्याकडे होते. अध्यक्षांच्या कार्यालयाबाहेरील पहारा, रात्रीची गस्त, जमाव आवरणे ही तिची कामे होती. दरवर्षी नवी तुकडी जात असे. फेब्रुवारी २०१६ मध्ये शेवटची तुकडी परतली.

या तुकडीचे महत्त्व कशात होते? यादवीत स्त्रियांवर अतोनात लैंगिक अत्याचार झाले होते आणि अत्याचार करणारे बहुधा गणवेशातील पुरुष होते. अशा समाजात गणवेश दिसला की स्त्री दार लावून घेते. तोच गणवेश घातलेली स्त्री रात्री गस्त घालताना दिसली, तेव्हा पोलीस म्हणजे काय याची दुसरी कल्पना लोकांपुढे आली. लायबेरियाच्या पोलीसदलात स्त्रियांचे प्रमाण या काळात वाढले, त्यामागे या उदाहरणाचा वाटा असल्याचे संयुक्त राष्ट्रांनीही मानले.

५.२.८ न्याय आणि शांतता

४ जून २००३ रोजी टेलर आक्रा येथे वाटाघाटींसाठी गेला, त्याच दिवशी सिएरा लिओनसाठीच्या विशेष न्यायालयाने त्याच्यावरील आरोपपत्र जाहीर केले. तो तातडीने मायदेशी परतला. अटकेच्या भीतीने तो सत्तेला अधिकच चिकटून बसेल, असे अनेक मध्यस्थांना वाटले. अखेर नायजेरियाने आश्रय दिला, म्हणून त्याने पद सोडले. युद्ध थांबविण्यासाठी अपराध्याला सुरक्षित वाट द्यावी काय? मन्रोव्हियात तोफगोळ्यांखाली दडलेल्या माणसाचे उत्तर वेगळे असेल आणि ज्याचे सारे कुटुंब आधीच मारले गेले त्याचे वेगळे असेल. दोघांपैकी कोणालाही चूक म्हणता येत नाही.

पुढे २००५ ची निवडणूक झाली. एलन जॉन्सन सरलीफ यांनी फुटबॉलपटू जॉर्ज वेआ यांचा पराभव केला आणि त्या आफ्रिकेतील पहिल्या निर्वाचित महिला राष्ट्राध्यक्ष झाल्या. मार्च २००६ मध्ये टेलर पकडला गेला. शांतिसेनेनेच त्याला मन्रोव्हियातून न्यायालयाकडे सोपविले. २०१२ मध्ये त्याला ५० वर्षांची शिक्षा झाली. परंतु ही शिक्षा शेजारच्या सिएरा लिओनमधील अपराधांना साहाय्य केल्याबद्दल होती. लायबेरियातील अपराधांचा खटला लायबेरियात कोणावरही चालला नाही. डो यांना मारणाऱ्या गटाचा म्होरक्या प्रिन्स जॉन्सन निम्बातून सिनेटवर निवडून आला आणि २०२४ मध्ये मृत्यू होईपर्यंत सिनेटर राहिला. सत्य व सलोखा आयोगाने २००९ मध्येच विशेष न्यायालयाची शिफारस केली होती. त्यासाठी कार्यालय स्थापण्याचा आदेश निघाला तो मे २०२४ मध्ये.

५.२.९ शांतिसेनेच्या मर्यादा

शांतिसेनेचा विचार करताना तिच्या दोषांवर पांघरूण घालू नये. जिच्यावर रक्षणाची जबाबदारी, तिच्यातील काहींनी अन्न वा पैशांच्या मोबदल्यात स्त्रिया व मुलींचे शोषण केल्याच्या तक्रारी लायबेरियासह अनेक देशांत पुढे आल्या. कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी? सरचिटणीसांनी ऑक्टोबर २००३ मध्ये याविरुद्ध कडक नियम जारी केले. तरी एक अडचण उरतेच. शांतिसेनेतील सैनिकावर फौजदारी खटला चालविण्याचा अधिकार त्याच्या मायदेशालाच असतो. तक्रारदार स्त्री लायबेरियाच्या खेड्यात आणि आरोपी हजारो मैलांवर आपल्या देशात, अशा स्थितीत न्याय दुर्लभ होतो.

दुसरी मर्यादा परावलंबनाची. बाहेरचे सैन्य दहा-पंधरा वर्षे राहिले की देशाच्या संस्थांना आपले ओझे आपण उचलण्याची सवय लागत नाही. २०१४ मध्ये इबोलाची साथ आली, तेव्हा लायबेरियात ४,८०० हून अधिक माणसे दगावली. शांतता होती, पुरेसे दवाखाने आणि डॉक्टर मात्र नव्हते. युद्ध थांबविणे आणि राज्ययंत्रणा उभी करणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत, हे त्या साथीने दाखवून दिले.

५.२.१० निरोप

शांतिसेना एकदम परतली नाही. सैनिकांची संख्या टप्प्याटप्प्याने कमी होत गेली. जून २०१६ अखेर देशाच्या सुरक्षेची जबाबदारी लायबेरियाच्या पोलीस व लष्कराकडे आली. २०१७ च्या निवडणुकीत वेआ विजयी झाले आणि जानेवारी २०१८ मध्ये सत्तांतर झाले. एका निर्वाचित अध्यक्षाकडून दुसऱ्या निर्वाचित अध्यक्षाकडे शांततेने सत्ता जाण्याची १९४४ नंतरची ही पहिलीच वेळ होती. ३० मार्च २०१८ रोजी शांतिसेनेचे कार्य संपले. या साडेचौदा वर्षांत तिचे दोनशेहून अधिक सदस्य मृत्युमुखी पडले.

खरी कसोटी पुढे होती. २०२३ मध्ये वेआ अगदी थोड्या मतांनी जोसेफ बोआकाई यांच्याकडून हरले. तेव्हा देशात एकही शांतिसैनिक नव्हता. वेआ यांनी अंतिम निकालाची वाट न पाहता पराभव मान्य केला आणि प्रतिस्पर्ध्याचे अभिनंदन केले. १९९७ मध्ये ज्या देशात मतदार पराभूत उमेदवाराच्या बंदुकीला भीत होते, तेथे आता पराभूत अध्यक्ष घरी गेला. हे श्रेय केवळ शांतिसेनेचे नाही. रस्त्याच्या कडेला बसलेल्या स्त्रियांचे आणि रांगेत उभ्या राहिलेल्या मतदारांचेही आहे. शांतिसेनेने त्यांना त्यासाठी लागणारा वेळ मिळवून दिला.

५.३ सारांश

यादवीनंतरची शांतता म्हणजे केवळ गोळीबार थांबणे नव्हे. लायबेरियात १९९७ मध्ये निःशस्त्रीकरण व सुरक्षादलांची पुनर्रचना पूर्ण न करता निवडणूक घेतली गेली आणि युद्ध पुन्हा पेटले. २००३ नंतर मोठे दल, व्यापक अधिकारादेश आणि दीर्घ मुदत लाभली. त्यामुळे शांतता टिकली. तरीही लढवय्यांचे पुनःसमावेशन, युद्धपीडितांना न्याय आणि शांतिसैनिकांच्या गैरवर्तनाची दाद हे प्रश्न अपुरे राहिले. शांतिसेना शांतता निर्माण करून देऊ शकत नाही. समाजाने निवडलेल्या शांततेचे काही काळ रक्षण करू शकते.

५.४ पारिभाषिक शब्द

यादवी : एकाच देशातील गटांमधील सशस्त्र युद्ध.
अधिकारादेश : सुरक्षा परिषदेने ठरावाद्वारे शांतिसेनेला नेमून दिलेले अधिकार व कामे.
सैन्यमुक्ती : लढवय्याला त्याच्या सशस्त्र गटापासून वेगळे करणे.
पुनःसमावेशन : माजी लढवय्याला समाजजीवनात व रोजगारात परत सामावून घेणे.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१ (अ) शस्त्रसंधीत केवळ लढाई थांबते, तर तहात वादाचा निकाल लावून पुढील व्यवहार ठरविला जातो. (आ) पक्षांची संमती, निःपक्षपातीपणा, स्वसंरक्षण व अधिकारादेशाचे संरक्षण याखेरीज बळाचा वापर न करणे.
२ (अ) शस्त्रधारी गट मोडले नव्हते, सुरक्षादलांची निःपक्षपाती पुनर्रचना झाली नव्हती आणि मतदानावर भीतीचे सावट होते. (आ) सैन्यमुक्ती आणि पुनःसमावेशन.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. 'निवडणूक म्हणजे शांतता नव्हे' हे विधान लायबेरियाच्या आधारे सुमारे ३०० शब्दांत स्पष्ट करा.
२. युद्ध थांबविण्यासाठी अपराध्याला आश्रय द्यावा काय? दोन्ही बाजू मांडून स्वतःचे मत लिहा.
३. एका आठवड्याच्या मराठी वृत्तपत्रांतून युद्ध व शांतता यांविषयीच्या पाच बातम्या निवडा. त्यांत 'शस्त्रसंधी', 'युद्धविराम', 'करार', 'तह' हे शब्द कोणत्या अर्थाने आले आहेत, याची नोंद करा आणि जेथे शब्द चुकला आहे असे वाटते तेथे योग्य शब्द सकारण सुचवा.